सुट्टीतलं वाचन आणि लेखन : पालकांचे नेहमीचे प्रश्न

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या वाचनालयाच्या बालविभागात दोन तऱ्हेची गर्दी होते. मुलं पंख्याखालची जागा पकडायला येतात आणि आईबाबा प्रश्न घेऊन येतात. दर मे महिन्यात फिरून फिरून येणारे प्रश्न इथे उत्तरांसकट दिले आहेत. पहिली ते सातवीची मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

सुट्टी आहे, मुलं खेळू देत की! वाचनाचा आग्रह कशाला?

खेळू देतच. क्रिकेट, पोहणं, मामाचं गाव आणि दुपारची भांडणं यांतला वेळ काढून वाचन करायचं नाही. पण दोन वयांची गरज वेगळी असते, ती ओळखा. पहिली-दुसरीतलं मूल नुकतंच जोडाक्षरांपाशी पोचलेलं असतं. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत (विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात) डोळ्यांखालून अक्षरच गेलं नाही, तर जूनमध्ये 'सूर्य' आणि 'चक्र' यांतला 'र' पुन्हा गोंधळ घालतो. या मुलांची सवय टिकवायची, एवढंच. पाचवी-सहावीतल्या मुलाचं असं काही विसरत नाही. त्याला सुट्टीत मिळते ती सलग बसून लांबलचक गोष्ट संपवण्याची सवड. शाळा, शिकवणी आणि गृहपाठ यांच्यात ती वर्षभर मिळत नाही.

रोज किती वेळ?

लहानांना पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. मोठ्यांना वेळ ठरवून देऊच नका. दुपारी बारा ते चार उन्हात कुणी बाहेर सोडत नाही, ती वेळ आयती हाताशी असते. गार फरशीवर पालथं पडून वाचलं तरी चालतं, टेबल-खुर्चीचा हट्ट नको. 'दहा पानं झाल्याशिवाय उठायचं नाही' असं म्हटलंत, तर मूल पानं मोजतं, गोष्ट वाचत नाही.

पुस्तक समोर धरलं की माझा मुलगा पळ काढतो. काय करू?

त्याला शेवटचं कुणी वाचून दाखवलं होतं, ते आठवा. बहुतेक घरांत मूल पहिलीत गेलं, अक्षरं जुळवायला लागलं की मोठी माणसं वाचून दाखवणं थांबवतात. 'आता येतं ना तुला, मग तूच वाच.' आपल्याला हे कौतुक वाटतं, मुलाचा मात्र यात तोटाच होतो. कालपर्यंत त्याला राक्षस, समुद्र, चोरवाटा असं सगळं ऐकायला मिळत होतं. आज त्याच्या वाट्याला 'कमल, नमन कर' आलं. सात वर्षांच्या मुलाला ऐकून जे कळतं, ते त्याला स्वतः वाचता येणाऱ्या मजकुराच्या कितीतरी पुढचं असतं. ही दरी बुजायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. तोवर वाचून दाखवत राहायचं. दहा वर्षांच्या मुलालाही वाचून दाखवायला हरकत नाही. तो 'मी काय लहान आहे का' म्हणेल आणि जवळ सरकेल.

आजपासून करता येईल असं सांगते. रात्री एक गोष्ट मोठ्याने वाचायला घ्या. शब्दांखालून बोट फिरवत वाचा. रंगात आली की 'बाकीचं उद्या' म्हणून थांबा आणि पुस्तक त्याच्या उशाशीच राहू द्या. थोडं वाचता येणारं मूल असेल तर आळीपाळीने वाचा, एक परिच्छेद तुमचा, एक ओळ त्याची. तो अडला की जरा थांबा आणि मग शब्द सांगून टाका. 'नीट बघ, फोडून वाच' म्हणत बसलात तर गोष्टीचा धागा तुटतो, आणि आपल्याला तर त्याला गोष्टीतच अडकवायचं आहे.

वाचून झाल्यावर 'यातून तू काय शिकलास?' हे विचारू नका. आमच्या बालविभागात या प्रश्नाला बंदी आहे. गोष्ट संपली की परीक्षा सुरू होते, हे एकदा कळलं की मूल गोष्टच टाळतं. काही बोलायचंच असेल तर तुमचं मत सांगा. 'मला तो सावकार मुळीच आवडला नाही.' मूल हटकून वाद घालायला येतं.

कोणत्या वयाला कोणतं पुस्तक द्यावं?

पुस्तकाच्या मागे छापलेलं वय फारसं मनावर घेऊ नका. मुलाला पुस्तकांच्या मांडणीसमोर सोडा, त्याला उचलू द्या. त्याने उचललेलं पुस्तक झेपेल का, हे पाहायची साधी युक्ती आहे. मधलंच एक पान मोठ्याने वाचायला सांगा. चार-पाचपेक्षा जास्त ठिकाणी अडला तर ते पुस्तक सध्या तुम्ही त्याला वाचून दाखवायचं. परत ठेवायला लावू नका.

चार ते सहा वर्षांच्या मुलांकडे माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं टिकतात. घरातल्या साध्या गोष्टी असतात, कुणी कुणाला उपदेश करत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही पळवतो. फुरसुंगीचा हा पोरगा सायकलवरून हिंडतो. फोन नाही, पैसा नाही, आणि मुलांना त्याचंच अप्रूप वाटतं. 'श्यामची आई' मात्र जरा सांभाळून. पालकांना स्वतःला ते वाचून रडू आलेलं असतं, म्हणून तिसरीतल्या मुलाच्या हातात ते लगेच देतात. पुस्तक १९३५ सालचं, त्यातलं कोकण आणि त्यातले रीतीरिवाज मुलाला परके. त्यातली एखादी 'रात्र' निवडून आधी तुम्ही वाचून दाखवा, बाकीचं त्याला पुढे कधीतरी वाचू दे.

काही मुलांना गोष्टी आवडतच नाहीत. त्यांना साप, ट्रॅक्टर, किल्ले, ग्रह, खेळाडूंचे आकडे आवडतात. आमच्याकडे येणारे काही मुलगे वर्षानुवर्षं फक्त सापांची पुस्तकं नेतात. नेऊ देत. विषारी आणि बिनविषारीतला फरक वाचताना ते जितके लांब शब्द न अडखळता वाचतात, तितके पाठ्यपुस्तकात क्वचितच येत असतील.

तेच तेच पुस्तक पुन्हा वाचते. कॉमिक्स आणि विनोद सोडून काही नको असतं.

दोन्ही चालेल. तेच पुस्तक पुन्हा वाचताना वेग येतो, कारण पुढे काय होणार याची धास्ती नसते. कॉमिक्समधले संवाद मुलं आवाज बदलून वाचतात, त्याचा उच्चारांना फायदा होतो.

पुस्तकाबाहेरही डोळा ठेवा. मे म्हणजे लग्नांचा महिना. घरी आलेल्या पत्रिका मुलांना वाचायला द्या. 'किलबिल' या मथळ्याखाली आपलं किंवा चुलत-मावस भावंडांचं नाव छापलेलं असलं तर ती पत्रिका पुरती पाठ होते. 'चि. सौ. कां.' म्हणजे काय, 'वि. वि.' कशासाठी लिहितात, असे प्रश्न मागोमाग येतातच. एसटीच्या पाट्या, भिंतीवरच्या दिनदर्शिकेची मागची पानं, सरबताच्या बाटलीवरची कृती हेही वाचनच आहे. पहिलीतल्या मुलाला तर 'स्वारगेट' वाचता आलं म्हणजे गड जिंकल्यासारखं वाटतं.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मराठी बोलते छान, पण वाचायचा कंटाळा करते.

शाळा कोणत्याही मंडळाची असो, २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. त्यामुळे अक्षरओळख बहुतेकांना असते, वेग नसतो. सहावीतली मुलगी इंग्रजीत जाडजूड कादंबरी वाचते आणि मराठीत दुसरीच्या पातळीवर असते. मग पंचाईत अशी की तिला झेपणारं मराठी पुस्तक बाळबोध वाटतं आणि आवडेल असं पुस्तक जड जातं. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे विनोद, कोडी आणि एक-दोन पानांच्या गोष्टी. मजकूर छोटा, पण बाळबोध नाही. हिंदीमुळे देवनागरी आधीच येत असेल तर काम आणखी सोपं. 'ळ', 'वाऱ्यावर'मधला 'ऱ्य', आणि 'चमचा' व 'चहा'तला वेगळा 'च' एवढंच खास सांगावं लागतं.

तिचं इंग्रजी वाचन बंद करू नका. एका भाषेतल्या वाचनाची गोडी दुसऱ्या भाषेच्या आड येत नाही.

मोबाईल सुटत नाही. त्याचं काय करायचं?

तुम्हीही संध्याकाळी मोबाईलच बघत असाल, तर या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

बाकी मोबाईलचा वाचनाला उपयोगही होतो. गाणं ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खाली त्याचे शब्द दिसत असतील, तर बघणारा नकळत वाचतो. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून या कल्पनेवर काम केलं आणि पुढे दूरदर्शनच्या गाण्यांखाली शब्द येऊ लागले. मराठी गाण्यांचे शब्द दाखवणारे व्हिडिओ शोधून द्या, मुलं बरोबरीने म्हणतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, सोप्याकडून अवघडाकडे अशा चार पायऱ्यांत लावलेल्या असतात आणि छापूनही घेता येतात.

मुलीला डायरी लिहायला सांगितली होती. चौथ्या दिवशी बंद पडली.

तीन दिवसांत तिने काय लिहिलं होतं, तेही सांगू का? 'आज मी सकाळी उठले. दात घासले. नाश्ता केला. खेळले. झोपले.' यात मुलीचा काही दोष नाही. ही डायरी कुणी वाचणार नसतं, किंवा वाचणारी आई चुका काढायलाच बसलेली असते. मग तिने जीव ओतून का लिहावं? मुलाच्या लिहिण्याला खरा वाचक आणि खरं निमित्त मिळालं की अर्धं काम होतं. सुट्टीत अशी निमित्तं घरातच पडलेली असतात.

आंब्याची अढी घातली असेल तर तिचा हिशेब मुलाकडे द्या. किती पेट्या आल्या, आज किती पिकले, किती नासले, कुणी किती खाल्ले. हा शेवटचा रकाना घरात सगळ्यात जास्त वाचला जातो. आजी कुरडया किंवा लोणचं करत असेल तर कृती लिहून घ्यायला बसवा. आजी म्हणणार, 'मीठ अंदाजाने.' मूल विचारणार, 'अंदाजाने म्हणजे किती चमचे?' इथून जी वादावादी सुरू होते ती सगळी वहीत उतरते, आणि ती वही पुढच्या वर्षी खरोखर उघडली जाते. गल्ली-क्रिकेटचे नियम कागदावर लिहून जिन्यात चिकटवायला सांगा. भिंतीला लागला तर किती धावा आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीत गेला तर आउट कोण, हे इतकं काटेकोर लिहिलं जातं की वकिलाने मान डोलवावी. गावी गेलात तर शेतांची नावं विचारून त्यांचा नकाशा काढायला लावा. चिंचेचं वावर, टेकाड, विहिरीकडचा तुकडा अशी नावं आजोबांच्या तोंडात असतात, कागदावर कुठेच नसतात.

पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. पाच-सात आणून ठेवा. पोस्टकार्डाची जागा मोजकी, त्यामुळे 'किती लिहू?' हा प्रश्न येत नाही. फक्त ज्याला पत्र जाणार त्याला आधीच फोन करून बजावा, उत्तर आलंच पाहिजे. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र जात नाही.

आणि हस्तलिखित! आपल्या शाळांमधून वार्षिक हस्तलिखित काढायची जुनी रीत आहे, ती सोसायटीत किंवा वाड्यात आणायला काहीच लागत नाही. सहा-सात मुलं, कोरे कागद, दाभण आणि दोरा. एक संपादक, एक चित्रकार, एक जण मागे लागून मजकूर गोळा करणारा. कविता, कोडी, आजीची मुलाखत, चाळीतल्या बातम्या येतात. जाहिराती हव्याच, मुलं जाहिराती फार मन लावून करतात. 'आमच्याकडे उत्तम प्रतीचे भोवरे मिळतील' अशी. पंधरा दिवसांत अंक होतो. एकच प्रत असते म्हणून तो घरोघर फिरवायचा, शेवटी कोरी पानं ठेवून वाचणाऱ्यांचे अभिप्राय घ्यायचे. ज्या मुलांनी वर्षभर निबंधाला नाक मुरडलं, ती आपली गोष्ट चार वेळा पुन्हा लिहिताना मी पाहिली आहेत, कारण शेजारचे काका ती वाचणार असतात.

लिहिताना शुद्धलेखनाच्या खूप चुका होतात. सुधारू की नको?

पहिल्यांदा लिहिलेल्या कागदावर लाल खूण नको. मूल काय सांगतंय ते आधी वाचा, हसण्यासारखं असेल तिथे हसा. ज्याला 'ज्ञानेश्वर' लिहायची धास्ती वाटते ते मूल 'राम'वरच थांबतं, असं होऊ द्यायचं नाही. ते पत्र किंवा ती गोष्ट बाहेर जाणार असेल, तर पक्की प्रत करताना सुधारणा करायच्या, त्याही एका वेळी एकाच नियमाच्या. सुरुवातीला हा नियम घ्या. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो: पाणी, मुलगी, पेरू, लाडू. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद. या एका नियमाने निम्म्याहून जास्त वेलांट्या जागेवर येतात. दुसरा नियम पुढच्या आठवड्यात.

आमची भाषा वऱ्हाडी. मुलगा 'मले' लिहितो. बदलायला लावायचं का?

मुळीच नाही. आजीला पाठवायच्या पत्रात आजीची भाषाच शोभते. गोष्टीतलं माणूस अकोल्याचं असेल तर ते 'मले'च म्हणणार, सावंतवाडीचं असेल तर 'माका'. परीक्षेच्या उत्तरात प्रमाण भाषा लिहायची असते, हा फरक तिसरी-चौथीतल्या मुलाला एकदा सांगितला की कळतो.

पुस्तकामागे पैसे किंवा चॉकलेट दिलं तर?

पातळ पुस्तकं वाचली जातात आणि तीही शेवटच्या पानापासून. बक्षीस द्यायचंच असेल तर पुढचं पुस्तक निवडायला दुकानात घेऊन जा.

आम्ही ऊसतोडीला जातो. पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला) की घरी येतो. पोरांची शाळा बुडालेली असते आणि आम्हाला वाचता येत नाही. आम्ही काय करणार?

तुमच्या घरासाठी तर हीच सुट्टी शाळेसारखी. दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांवर (ऊसतोड्यांच्या झोपड्यांत) राहिलेल्या मुलाला वाचायचं राहून गेलेलं असतं, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. तुम्हाला वाचता येण्याची गरज नाही. तुम्ही सांगा आणि त्याला लिहू द्या. आईला ओव्या येतात, कहाण्या येतात, गाडीवानाचे किस्से येतात. मुलाने दोन-तीन ओळी लिहून घ्यायच्या आणि लगेच तिला वाचून दाखवायच्या. शब्द ओळखीचे असल्यामुळे तो कमी अडखळतो, आणि चुकीचं लिहिलं असेल तर 'असं नाही म्हणाले मी' म्हणून आईच पकडते. मुलाला अजून लिहिता येत नसेल तर सातवी-आठवीतली बहीण लिहून देईल, त्याने बोट ठेवून म्हणायचं. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचे माता-पालक गट असतात. गटातल्या एकीला जरी वाचता येत असलं तरी संध्याकाळी पाच-सहा मुलं एका ओट्यावर बसवता येतात. शिक्षकांना सांगून वर्गातली गोष्टींची पुस्तकं सुट्टीपुरती मागून घ्या. कुलूपबंद कपाटात ती नुसती पडून असतात.

पुस्तकं कुठून आणायची? विकत घेणं परवडत नाही.

आधी जवळचं सार्वजनिक वाचनालय गाठा. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४० सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, ही नावं ठाऊक असतात. पण १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदान मिळणारी छोटी वाचनालयं खेड्यांतही आहेत. बालविभागाची वर्गणी थोडी असते. गोव्यात पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी जागा आहे.

'किशोर' मासिक विसरू नका. बालभारती ते १९७१ पासून काढते आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. बाबांच्या लहानपणीचा अंक शोधून काढणं हा एका दुपारचा छान उद्योग आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातून वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटी मिळते, सोसायटीने मिळून चौकशी करावी. रद्दीच्या दुकानात मुलांचे जुने दिवाळी अंक वजनावर मिळतात. आजी-आजोबा दुसऱ्या गावी असतील तर १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या 'ज्ञान पोस्ट' सेवेने पुस्तकं कमी खर्चात पाठवता येतात.

महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेत भिलारला थांबा. ४ मे २०१७ पासून हे स्ट्रॉबेरीचं गाव 'पुस्तकांचं गाव' झालं. घराघरांत कपाटं आहेत, एकेका घरात एकेक साहित्यप्रकार. बालसाहित्याचं घर गाठून मुलांना सोडा आणि तुम्ही दुसऱ्या घरात जाऊन बसा. तासाभराने निघायचं ठरवलं असेल तर दोन तास धरून चला.

आम्ही अमेरिकेत आहोत. मुलांची सुट्टी जून ते ऑगस्ट. मराठी वाचन कसं टिकवू?

आजी-आजोबांना कामाला लावा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, एक पुण्यात, एक तिकडे. व्हिडिओ कॉलवर रोज दहा मिनिटं आळीपाळीने वाचायचं. 'काय खाल्लंस, शाळा कशी आहे' यापलीकडे बोलणं जात नाही, ही दोन्हीकडची अडचणही त्यातून सुटते. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा अनेक शहरांत आहेत. तिथल्या दोन-तीन कुटुंबांनी पुस्तकं आपसांत फिरवली तर सुट्टीभर पुरतात.

मुलगा चौथीत आहे. अजून अक्षरं गाळतो, ओळ चुकतो, लिहिताना रडकुंडीला येतो. आळस समजायचं का?

नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तिथे काही नसेल आणि तोंडी सगळं छान सांगणारं मूल कागदावरच अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणीची) तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी ही तपासणी होते. जून उजाडायच्या आत नंबर लावा, कारण तारखा मिळायला वेळ लागतो. दरम्यान पाढे आणि शुद्धलेखनाचा मारा थांबवा, ऐकवणं वाढवा.

सुट्टी संपत आली, आता आठवण झाली. काही होईल का?

होईल. पुढच्या इयत्तेचं मराठीचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या किंवा वरच्या वर्गातल्या मुलाचं जुनं मागा. त्यातल्या गोष्टी आणि कविता मूल आधीच, मजेत, हव्या त्या क्रमाने वाचून टाकेल. पाठाखालचा स्वाध्याय शाळेसाठी राहू द्या.